एनपीएसची वजावट शून्य दाखवते तेव्हा

जऊळक्याहून आम्ही बोलतोय. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, आपला आणि इन्कम टॅक्सचा काय संबंध? गटातल्या बहुतेकींना टॅक्स लागत नाही हे खरं. पण आता लेकी-सुना नोकरीला लागल्या आहेत, आणि त्यांचा हिशेब चुकला की कर्जाचा अर्ज आपल्या गटात येतो. मागच्या महिन्यात तसाच एक आला.

आमच्या एका काकूंची मुलगी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागली, म्हणून तिचे पैसे एनपीएसमध्ये जातात. काकूंनी गटाकडे ३२ हजार मागितले. मुलगी रिटर्न भरायला एका दुकानात गेली होती, तिथं कॉम्प्युटरनं पेन्शनची रक्कम शून्य केली आणि वर टॅक्स काढला. काकूंच्या डोळ्यांत पाणी. "पोरीचे पैसे बुडाले का वं ताई?"

तर पहिली गोष्ट ही की पैसे बुडत नाहीत. पगारातून कापलेले पैसे तिच्या प्रान नंबरच्या खात्यात जमा आहेत आणि तिथंच राहतात. नामंजूर झाली ती वजावट, म्हणजे टॅक्स मोजताना उत्पन्नातून तेवढी रक्कम कमी धरण्याची सवलत. हा फरक काकूंना समजला तेव्हा कुठं त्या चहा प्यायल्या.

आता ती का नामंजूर झाली ते पाहू. टॅक्स मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी. २०२३-२४ या वर्षापासून आपण काही सांगितलं नाही तर कॉम्प्युटर नवीच धरतो. नव्या पद्धतीत टॅक्सचे दर कमी, पण बऱ्याच सवलती बंद. एनपीएसमध्ये स्वतःच्या पगारातून भरलेल्या रकमेची सवलत त्यात नाही, ना दीड लाखाच्या मर्यादेतली, ना वरची ५० हजारांची. म्हणजे कॉम्प्युटरनं तिचा स्वतःचा हिस्सा शून्य केला, ते नियमानंच केलं.

दुकानदार म्हणाला, सवलत पाहिजे तर जुनी पद्धत घ्या. बटण बदललं, तिचा हिस्सा वजा झाला, पण टॅक्स वाढला. तेच हे ३२ हजार. नशीब, रिटर्न अजून पाठवलं नव्हतं.

आम्ही मुलीला बोलावलं आणि बारा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणायला सांगितल्या. फॉर्म सोळा शेजारी ठेवला. आकडे तुम्हाला समजावेत म्हणून गोल करून सांगतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून वर्षाचे ७,२०,०००. घरभाडे वगैरे ४०,०००. तिचा स्वतःचा एनपीएस हिस्सा दहा टक्के, म्हणजे ७२,०००. आणि सरकारनं तिच्या खात्यात भरलेला हिस्सा चौदा टक्के, म्हणजे १,००,८००. हा सरकारचा हिस्सा तिच्या हातात कधी येत नाही, पण टॅक्सच्या हिशेबात तो आधी पगारात मिळवतात. म्हणून एकूण ८,६०,८००.

मिळवलेला हा हिस्सा पुन्हा वजा करायचा असतो. कलम ८०सीसीडी, पोटकलम २. ही वजावट नव्या पद्धतीतही मिळते, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या चौदा टक्क्यांपर्यंत. तिच्या फॉर्म सोळामध्ये रक्कम पगारात मिळवली होती, आणि वजावटीचा रकाना कोरा होता! सगळेजण तिच्या ७२ हजारांवर भांडत होते, आणि ज्यावर तिचा हक्क होता त्या लाखाकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

त्या एका रकान्यानं काय होतं पाहा. नव्या पद्धतीत पगारदारांना ७५,००० सरसकट वजा मिळतात. उरले ७,८५,८००. त्यावर टॅक्स २९,७२०, आणि तेवढा पगारातून आधीच कापलेला. आता सरकारी हिस्सा वजा केला की उरतात ६,८५,०००. २०२४-२५ च्या नियमात ७ लाखांपर्यंत टॅक्स माफ. म्हणजे टॅक्स शून्य, आणि कापलेले २९,७२० परत मागता येतात. जुन्या पद्धतीत दोन्ही हिस्से वजा करूनही तिला ४१ हजारांवर टॅक्स बसत होता, तेही आम्ही मोजून पाहिलं.

तुमच्या घरी असं झालं तर घाई करू नका. सरकारी हिस्सा पगारात मिळवलेला आहे का ते आधी बघा. मिळवलेलाच नसेल तर वजाही करता येत नाही, केला तर ती चूक आपली. मग 'नोकरी कुणाकडे' हा रकाना बघा. तिथं चुकून पेन्शनर निवडलं असेल तर कॉम्प्युटर ही वजावट घेतच नाही. पगाराच्या चिठ्ठ्या आणि एनपीएसचा उतारा जपून ठेवा. उताऱ्यात दोन्ही हिस्से वेगवेगळे दिसतात, आणि खात्याचं पत्र आलं तर तोच पुरावा. कार्यालयाला फॉर्म सोळा दुरुस्त करून द्या असा लेखी अर्जही करा. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

पगारदाराला पद्धत दरवर्षी बदलता येते, पण जुनी पाहिजे तर मुदतीच्या आत. २०२५ मध्ये ही मुदत १६ सप्टेंबर होती. आणि रिटर्न पाठवल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून. ती राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात.

आपल्यापैकी बऱ्याचजणींची अटल पेन्शन आहे. तिचीही वजावट नव्या पद्धतीत मिळत नाही. पण ज्यांना टॅक्सच लागत नाही त्यांचं काही अडत नाही, हप्ता भरत राहा, पेन्शन ठरल्याप्रमाणे मिळेल. मात्र टॅक्स भरणाऱ्या मुलीला या योजनेत नव्यानं घालायला जाऊ नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून टॅक्स भरणाऱ्यांना त्यात घेत नाहीत.

काकूंच्या मुलीचं रिटर्न नव्या पद्धतीनंच गेलं, पडताळणीही झाली. परतावा अजून खात्यात यायचा आहे. काकूंनी कर्जाचा अर्ज मागे घेतला, आणि ते पैसे या महिन्यात दुसऱ्या एका ताईला बियाण्याच्या उधारीसाठी दिले.