खुल्या लहरी आणि चोरलेली किल्ली

गच्चीवर एक लहानशी थाळी बसवावी, तिचे तोंड आकाशातील ठरलेल्या दिशेला करावे, आणि दरमहा एक पैही न देता घरबसल्या कार्यक्रम पाहावेत, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. परंतु हे पाहणे रीतसर की चोरीचे, याविषयी सुशिक्षितांतही दोन गैरसमज आढळतात. कित्येकांना वाटते, फुकट दिसते त्या अर्थी यात काहीतरी लबाडी असलीच पाहिजे. दुसरे म्हणतात, लहरी माझ्याच गच्चीवर पडतात. त्यांचे मी काय करावे हे सांगणारे तुम्ही कोण? पहिला समज निष्कारण भित्रा आहे, तर दुसरा निष्कारण धीट.

प्रथम या व्यवस्थेची घडण पाहू. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून तो आपल्याला एका जागी स्थिर दिसतो. अशा उपग्रहांकडून जगभर संदेश पाठविता येतील, ही कल्पना आर्थर क्लार्क या लेखकाने १९४५ साली मांडली होती. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी राजाच्या वाड्यावर पडतात तशा शेतमजुराच्या खोपटावरही पडतात. त्यांना कुंपण घालता येत नाही. म्हणून ज्याला पैसे घेऊनच कार्यक्रम दाखवायचा आहे, तो लहरी अडवीत बसत नाही. तो चित्र व ध्वनी सांकेतिक रूपात सोडतो. म्हणजे पाकीट सर्वांच्या दारी येते, पण आतले पत्र कुलूपबंद असते. वर्गणीदाराच्या पेटीतील कार्ड त्या कुलपाची किल्ली पुरविते, आणि ही किल्ली दर काही सेकंदांनी बदलत असते.

जो कुलूप घालीतच नाही, तो खुला प्रक्षेपक. प्रसार भारतीने डिसेंबर २००४ मध्ये सुरू केलेली आणि पुढे 'डीडी फ्री डिश' या नावाने ओळखली जाऊ लागलेली सेवा हे त्याचे आपल्याकडील ठळक उदाहरण होय. थाळी व पेटी एकदा विकत घेतली की मासिक वर्गणी नाही. मग खर्च कोण सोसतो? दूरदर्शनला सरकारी निधी आहे. खासगी वाहिन्या लिलावात बोली लावून या सेवेवर जागा मिळवितात आणि ती रक्कम जाहिरातींतून भरून काढतात. सारांश, प्रेक्षकाला फुकट असले तरी मालकाचे देणे कोणी बुडविलेले नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेसाठी एक शैक्षणिक वाहिनी याच मार्गाने दाखविण्यात आली. ज्या घरी संगणक नव्हता, तेथील मुलाला 'हे फुकटचे, म्हणजे संशयास्पद' असे सांगणे केवढा अन्याय झाला असता!

आता दुसरी बाजू. वर्गणीची वाहिनी चोरणारा बहुधा कुलूप फोडीत नाही. तो किल्लीची नक्कल वाटतो. एक खरे कार्ड घ्यावयाचे, त्यातून मिळणारी किल्ली इंटरनेटवरून शेकडो पेट्यांना पुरवावयाची, आणि प्रत्येकाकडून थोडेथोडे पैसे घ्यावयाचे. येथे प्रेक्षक पैसे देतोच. फक्त ते कार्यक्रम करणाऱ्यास न मिळता किल्ली विकणाऱ्यास मिळतात. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ३७व्या कलमाने प्रक्षेपकाला आपल्या प्रक्षेपणावर हक्क दिला आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ६५-अ कलमान्वये हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण चुकविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो.

'लहरी माझ्या गच्चीवर पडतात' या युक्तिवादाची कसोटी कॅनडात लागली. तेथील लोक शेजारच्या अमेरिकेच्या वाहिन्या पाहत. काहीजण तर अमेरिकन कंपनीला पैसेही भरीत. मात्र त्या कंपनीला कॅनडात सेवा विकण्याचा अधिकार नव्हता. २००२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सांकेतिक वर्गणी-प्रक्षेपण उलगडण्यास त्या देशातील अधिकृत वितरकाची परवानगी हवीच, मग लहरी कोठूनही येवोत. पैसे देणाऱ्यालाही जेथे मोकळीक नाही, तेथे न देणाऱ्याची काय कथा?

यावर कोणी म्हणेल, वर्गणी महाग आहे आणि क्रिकेट पाहण्याची इच्छा गरिबालाही असते. हा आक्षेप खोटा नाही, परंतु त्याचे उत्तर चोरी नव्हे, कायदा हे आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे खासगी हक्कदारांस बंधनकारक केले. दूरचित्रवाणीच्या जाहिरातींच्या उत्पन्नाचा किमान तीनचतुर्थांश वाटा हक्कदाराला ठेवला. गरिबाला सामना मिळाला, मालकाला मोबदला मिळाला.

म्हणून पेटी विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत. ही वाहिनी तिच्या मालकाने मुळातच खुली सोडली आहे काय? नसल्यास माझे पैसे त्या मालकापर्यंत पोहोचतात काय? पहिल्याचे उत्तर 'होय' असेल, तर निःशंक मनाने पाहावे. दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर ती पेटी कितीही स्वस्त असो, दुकानातच ठेवून यावे.