खरिपाचे खत : भाग ४
सोयाबीनला युरिया कमी, स्फुरद-गंधक वेळेवर

मागच्या भागात माती परीक्षणाचा अहवाल कसा वाचायचा ते पाहिले. आता त्यावरून सोयाबीनच्या खतांचा हिशेब मांडू.

पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी पीक थोडे फिकट दिसले, की अनेकांचा हात युरियाच्या गोणीकडे जातो. तो आवरा. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत ब्रेडीरायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. गाठी चांगल्या भरल्या तर नत्राची निम्म्याहून अधिक गरज तिथूनच भागते. गाठी कामाला लागेपर्यंत पेरणीच्या वेळी दिलेला थोडा नत्र पुरतो. वरून युरिया फेकला तर गाठी कमी होतात, पीक माजते, लोळते आणि शेंगा मात्र मोजक्याच लागतात.

स्फुरदाचे तसे नाही. तो हवेतून मिळत नाही आणि जमिनीत फारसा सरकतही नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर तो चुन्याशी बांधला जातो. म्हणून तो पेरणीबरोबरच, बियाण्याच्या खाली किंवा बाजूला पडला पाहिजे. गाठी भरायलाही स्फुरद लागतो. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. ती घडायला गंधक हवा.

मराठवाड्यासाठी हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक ही मात्रा धरली जाते. एकरी हिशेब असा : सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या ३ गोण्या, युरिया २६ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो. सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्के गंधक असल्याने गंधक वेगळा घ्यावा लागत नाही. डीएपीची एक गोणी २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र देते, पण गंधक देत नाही. तो स्वतंत्र द्यावा लागतो. अहवालात स्फुरद किंवा पालाश भरपूर असेल तर मात्रा कमी करा, खर्च वाचेल.

बीजप्रक्रियेचा क्रम चुकवू नका : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरा.

पेरणीनंतर महिनाभराने, वापसा असताना, चार-पाच झाडे खुरप्याने मातीसकट काढा. मुळे हलक्या हाताने धुऊन गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी-तांबूस दिसल्या तर नत्राचे काम सुरू आहे, युरियाचे पैसे वाचवा. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती बहुधा लोहाची कमतरता असते. तिला युरिया हा उपाय नाही. पिवळ्या पानांची अशी कारणे पुढच्या आठवड्यात सविस्तर पाहू.