कर्जाला मतदारांची सही
(रुळांवरचा पैसा : लेखांक ५)

सरकारी रोखे म्हणजे काय, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. ते काढायला परवानगी कुणाची लागते, हा आजचा प्रश्न. आपल्याकडे तो मतदारापर्यंत येतच नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं जपानी कर्ज दोन सरकारांनी आपापसांत ठरवलं. कॅलिफोर्नियात मात्र राज्याच्या तिजोरीतून फेडायचं असं मोठं कर्ज काढायचं, तर राज्यघटनेनुसार मतदारांचा कौल घ्यावा लागतो. घटनेत त्यासाठी मर्यादा घातली आहे ३ लाख डॉलरची. तेवढ्यात आज सॅन फ्रान्सिस्कोत धड घरही मिळणार नाही!

४ नोव्हेंबर २००८ रोजी, ओबामा निवडून आले त्याच मतपत्रिकेवर, ‘प्रपोझिशन वन-ए’ होतं. मागणी ९.९५ अब्ज डॉलरच्या रोख्यांची. त्यातले ९ अब्ज सॅन फ्रान्सिस्को-लॉस एंजेलिस वेगवान गाडीसाठी आणि ९५ कोटी तिला जोडणाऱ्या इतर रेल्वेसेवांसाठी. हे मतदान आधी दोनदा पुढे ढकललं गेलं होतं. अखेर सुमारे ५२.७ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं.

लोकांनी डोळे झाकून मत दिलं, असं म्हणायची सोय नाही. तिथे मतदानाआधी घरोघरी माहितीपुस्तिका जाते. समर्थकांचं म्हणणं, विरोधकांचं म्हणणं, दोघांनी एकमेकांना दिलेली उत्तरं आणि विधिमंडळाच्या अर्थविश्लेषकाचा हिशेब, सगळं त्यात छापलेलं असतं. या रोख्यांचा हिशेबही स्पष्ट होता : ३० वर्षांत व्याजासह सुमारे १९.४ अब्ज डॉलर. म्हणजे जवळपास मुद्दलाइतकंच व्याज.

खरी गोम अटींमध्ये होती. दोन्ही शहरांमधला प्रवास २ तास ४० मिनिटांत व्हावा, गाड्या पाच-पाच मिनिटांनी सोडता याव्यात, गाडी चालवायला सरकारी अनुदान लागू नये, हे सारं कायद्यात आलं. एकूण खर्चाची कमाल मर्यादा तेवढी आली नाही. त्या वेळचा अंदाज होता सुमारे ३३ अब्जांचा. २०२४ पर्यंत तो १०० अब्जांच्या पलीकडे गेला. मतदारांनी मिनिटं बांधून घेतली आणि डॉलर मोकळे सोडले. माझ्या मते चूक तिथे झाली. रोख्यांचा पैसा हा नुसता विसार होता. बाकीची रक्कम केंद्राकडून आणि खासगी गुंतवणूकदारांकडून येईल, हा भरवसा होता, करार नव्हता.

पुढे व्हायचं तेच झालं. प्रकरण कोर्टात गेलं, २०१५ मध्ये फ्रेस्नोला कामाचा नारळ फुटला, २०१९ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी तूर्त मर्सेड ते बेकर्सफील्ड एवढ्याच टप्प्यावर भर द्यायचं जाहीर केलं आणि २०२५ मध्ये केंद्राने सुमारे ४ अब्ज डॉलरचं अनुदान काढून घेतलं. पदरात पडलं ते एवढंच, की याच रोख्यांच्या पैशांची मदत होऊन सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजे मार्गावरची कॅल्ट्रेन २०२४ पासून विजेवर धावू लागली. बे एरियात राहणारे आपले वाचक त्या गाडीने जातही असतील.

१९९० मध्ये रेल्वेचे रोखे मंजूर करणाऱ्या याच राज्याने १९९२ आणि १९९४ मध्ये तसेच प्रस्ताव फेटाळले होते. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.