दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरी आणि ग्रामीण इंटरनेट

भिवपुरीजवळच्या डोंगरउतारावरील एखादी वाडी डोळ्यांपुढे आणा. इंटरनेटची तार रेल्वेमार्गालगतच्या गावापर्यंत आली, तरी तेथून वाडीपर्यंत चर खणून ती नेणे खर्चिक ठरते. हे शेवटचे अंतर तारेविना कसे ओलांडता येईल?

याचे एक उत्तर दूरचित्रवाणीच्या लहरींत आहे. भारतात ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात प्रत्येकी ८ मेगाहर्ट्झच्या १५ वाहिन्या बसतात. जमिनीवरील मनोऱ्यांवरून केवळ दूरदर्शनच प्रक्षेपण करीत असल्याने त्यांतील बहुतेक वाहिन्या रिकाम्या राहिल्या. ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६० सेंटीमीटर असते. घरातील नेहमीच्या वाय-फायची सुमारे १२. लांब लहर झाडीतून जाताना कमी क्षीण होते व लहान उंचवट्यांना वळसा घालते. अखंड डोंगर मात्र तिलाही अडवतो.

पवईच्या आयआयटीतील प्रा. अभय करंदीकर व सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरातील गावे अशा लहरींनी जोडून दाखवली. गावात पोहोचलेली जोडणी पुढे वाय-फायने लोकांपर्यंत गेली.

तथापि, प्रयोगाची परवानगी म्हणजे नित्य वापराचा हक्क नव्हे. लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. म्हणून खरा प्रश्न तंत्राचा नसून वाटपाचा आहे.

विचार करा : रिकाम्या लहरींचा लिलाव व्हावा, की त्या गावांना सामायिक वापरासाठी खुल्या असाव्यात? तुमचे मत सकारण लिहा.