‘निन्टेंडो’तला ट कुठून आला?

जपानी भाषेत ‘ट’ आणि ‘ड’ नाहीत. आपण ज्यांना दंत्य म्हणतो त्या ‘त’ आणि ‘द’ यांच्या जवळचे वर्ण तेवढे तिथे आहेत. असे असूनही क्योतो शहरात १८८९ साली निघालेल्या एका पेढीचे नाव आपण सर्रास ‘निन्टेंडो’ असे लिहितो आणि बोलतो. मूळ नावात दोन दंत्य वर्ण आहेत आणि आपल्या लिपीतही ते दोन्ही आहेत. मग मधल्या वाटेत हे मूर्धन्य वर्ण आले कुठून? प्रस्तुत लेखाची सुरुवात या एका प्रश्नापासून झाली.

परकीय विशेषनामे मराठीत कशी उतरतात याच्या नोंदी मी बरीच वर्षे वहीत करत आलो आहे. भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. कोश, व्याकरणे आणि कान एवढीच सामग्री. या लेखासाठी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांची नावे मुद्दाम निवडली, त्याला दोन कारणे. ही नावे जपानी, फ्रेंच, पोलिश, स्वीडिश, चिनी अशा अनेक भाषांतून आली आहेत, त्यामुळे तुलनेला सोयीची. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ही नावे मुलांच्या तोंडी आहेत आणि उच्चारावरून दुसऱ्याला हिणवण्याची सवयही त्याच वयात लागते. ‘अरे, असं नाही म्हणत’ असे एक मूल दुसऱ्याला सुनावते तेव्हा त्याचा आधार बहुधा कुणा अमेरिकन माणसाची चित्रफीत असतो. मराठी शाळेतले पोर वरमून गप्प बसते. ज्या उच्चारापायी ते गप्प बसले, तो उच्चार त्या नावाच्या माहेरी कोणी करत नाही, हे दोघांनाही ठाऊक नसते.

फीत, तुरुंग, बादली

इंग्रजांचे ‘टी’ आणि ‘डी’ उच्चारताना जीभ दातांच्या मागे, हिरड्यांच्या उंचवट्यावर टेकते. आपला ‘त’ दातांवर, आपला ‘ट’ त्याहून मागे; इंग्रजी वर्ण या दोहोंच्या मध्ये पडतो. मराठी कानाने त्याला ‘ट’च्या घरात बसवले. टेबल, डॉक्टर, स्टेशन हे शब्द असे झाले. यात गैर काही नाही. प्रत्येक भाषा परका ध्वनी आपल्या जवळच्या खणात ठेवते.

पण पोर्तुगीजांकडून आलेले शब्द पाहा. फीत, तुरुंग, बादली. इथे ‘त’ आणि ‘द’ आहेत, कारण पोर्तुगीज भाषेत ते वर्ण दंत्यच आहेत आणि आपल्या पूर्वजांनी ते प्रत्यक्ष ऐकले. ‘बटाटा’सारखे अपवाद आहेत, पण एकंदर कल स्पष्ट आहे. ते शब्द बंदरावर, बाजारात, कानाने घेतले गेले. ‘निन्टेंडो’ मात्र कानाने आला नाही. तो रोमन लिपीत लिहिलेला आला, आणि रोमन ‘टी’ दिसला की ‘ट’ काढायचा हे आपण इंग्रजी शाळेत शिकलो होतो. मूळ जपानी शब्द आपण इंग्रजांच्या जिभेने वाचला.

यात एक गंमत दडली आहे. ही पेढी मुळात फुसाजिरो यामाउचि या कारागिराची, हानाफुदा नावाचे पत्ते बनवणारी. पत्त्यांना जपानीत ‘कारुता’ म्हणतात आणि हा शब्द पोर्तुगीज ‘कार्ता’चे रूप आहे. पोर्तुगीज १५४३ साली जपानला पोचले आणि पुढे त्यांची जहाजे गोव्याहून तिकडे जात राहिली. त्याच लोकांच्या एका शब्दाचा जपानीत ‘पान’ झाला आणि मराठीत ‘पाव’. म्हणजे ज्या धंद्यातून निन्तेन्दो उभी राहिली, त्या धंद्याचा शब्द आणि आपला पाव एकाच आरमाराने वाहून आणले. दोन्ही भाषांनी ते ऐकून घेतले. वाचून घ्यायची पाळी नंतर आली.

मात्रांचा हिशेब

वर्ण बदलले की उच्चार सुधारतो असे मात्र नाही. जपानी भाषा मात्रा मोजते. हायकूची पाच-सात-पाच ही मोजणी मात्रांचीच आहे. इंग्रजीत ‘निन्टेंडो’ची तीन अक्षरे होतात आणि त्यातल्या मधल्यावर आघात पडतो. जपानीत नि-न्-ते-न्-दो-ओ अशा सहा मात्रा, सगळ्या सारख्या वजनाच्या. आता आपल्या मात्रावृत्ताच्या नियमाने मोजा: ‘निन्’ गुरू, ‘तेन्’ गुरू, ‘दो’ गुरू, दोन दुणे चार आणि दोन सहा. ज्याला शाळेत लघू-गुरू पाडायला शिकवले आहे, त्याच्यापाशी या नावाची किल्ली आधीपासून आहे. शेवटचा ‘दो’ म्हणजे दालन, पेढी. ‘शिसेइदो’ या प्रसाधनांच्या कंपनीच्या नावात शेवटी हेच चित्राक्षर आहे.

याउलट ‘अटारी’ हे नाव आपण फार ओढतो. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ साली कॅलिफोर्नियात काढलेली ही अमेरिकन कंपनी, पण शब्द जपानी. ‘गो’ या पटावरच्या खेळात समोरच्याच्या सोंगट्यांना मोकळे घर एकच उरले की ती अवस्था ‘अतारि’, आपल्या बुद्धिबळातल्या ‘शह’ची बहीण. त्यामागचे क्रियापद ‘अतारु’, म्हणजे लागणे. नेम लागतो, लॉटरी लागते, या दोन्ही अर्थांनी मराठीत आपण ‘लागणे’ वापरतो तसेच ते वापरतात. जपानीत या नावाच्या तीन मात्रा आहेत, आपल्या ‘अटारी’च्या पाच. अमेरिकन माणूस मधल्या ‘टा’वर जोर देतो, तोच आपण दीर्घ करून ठेवला. पंजाबच्या सरहद्दीवरचे अटारी आणि हे अतारि यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मराठी मजकुरात दोन्ही एकच दिसतात. पुढे हे नाव ‘एन्फोग्राम’ या फ्रेंच कंपनीकडे गेले आणि २००९ साली तिने स्वतःचेच नाव बदलून अतारि केले. जपानी शब्द, अमेरिकन कंपनी, फ्रेंच मालक. आता मूळ उच्चार कोणाचा?

इथे आपल्या लिपीची मर्यादाही सांगितली पाहिजे. जपानी ‘आ’चा रंग आपल्या ‘आ’चा, लांबी मात्र ‘अ’ची. तसेच जपानी ‘ए’ ऱ्हस्व असू शकतो. कानडी आणि तेलुगू लिप्यांत ऱ्हस्व ‘ए’ला वेगळे अक्षर आहे, देवनागरीत नाही. म्हणून ‘सेगा’ लिहिताना दोन मात्रांच्या चार होतात आणि त्याला इलाज नाही.

कातरलेली नावे

सेगाचे प्रकरण आणखी वेगळे आहे. लष्करी तळांवर नाणे टाकून चालणारी यंत्रे पुरवणाऱ्या ‘सर्व्हिस गेम्स’ या नावातल्या दोन्ही शब्दांची पहिली दोन-दोन रोमन अक्षरे कापून हा शब्द झाला. १९६५ साली जपानमध्ये ‘सेगा एंटरप्रायझेस’ उभी राहिली. आता ‘सर्व्हिस’मध्ये ‘से’ नाही आणि ‘गेम्स’मध्ये ‘गा’ नाही. शब्द कागदावर जन्मला, त्याला आवाज जपानी लिपीने दिला. ऑस्ट्रेलियात अनेक जण ‘सीगा’ म्हणतात. इटलीत ‘सेगा’चा साधा अर्थ करवत, पण बोलीतला अर्थ चारचौघांत उच्चारण्याजोगा नाही, त्यामुळे तिथल्या जाहिरातींनीच ‘सीगा’ केले. १९९१च्या ‘सॉनिक’ या खेळाच्या सुरुवातीला कंपनी स्वतःच आपले नाव गाऊन दाखवते, तेव्हा शंकेला जागा उरू नये.

अशी कातरलेली नावे आपल्याला परकी नाहीत. ‘म्हाडा’ आणि ‘सिडको’ ही सरकारी इंग्रजी नावांची आद्याक्षरे. पण ‘म्हाडा’ म्हणताना आपण ‘म’ आणि ‘ह’ यांची गाठ मारून अस्सल मराठी ‘म्ह’ केला. जपान्यांनी हेच केले. त्यांच्या लिपीत ‘न्’ सोडून सुटे व्यंजन लिहिता येत नाही. म्हणून मासाया नाकामुरा यांनी १९५५ साली सुरू केलेल्या उद्योगाचे नाव, त्यांच्या आडनावातून आलेले ‘नॅम्को’, तिथे ‘नामुको’ होते. ‘कॅप्सूल कॉम्प्युटर्स’वरून आलेले ‘कॅपकॉम’ तिथे ‘कापुकोन’. नामुकोचा १९८०चा पॅकमॅन ज्या ‘पाकु-पाकु’ या शब्दावरून आला, तो आपल्या ‘गपागपा’चा भाऊबंद. कापुकोनचे संस्थापक केन्झो त्सुजिमोतो यांच्या आडनावाचा पहिला ध्वनी इंग्रजांना जमत नाही. तो ‘चूल’मधला ‘च’ आहे. मराठी माणसाला तो आयता येतो. लिपीत मात्र ‘चूल’ आणि ‘चिमणी’ यांना एकच ‘च’, म्हणून ‘त्सु’ असा वळसा घ्यावा लागतो.

यात्रा आणि जत्रा

युरोपीय नावांत सर्वाधिक घोळ रोमन ‘जे’ या अक्षराने केला आहे. माइनक्राफ्ट बनवणारी स्टॉकहोमची कंपनी, जी २०१४ साली मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरांना घेतली, तिला मुले ‘मोजांग’ म्हणतात. स्वीडिश भाषेत ते अक्षर ‘य’ आहे. शब्दाचा अर्थ एखादे उपकरण, आपल्या बोलीत ‘ते हे यंत्र’. म्हणून मोयांग. विचरवरचे खेळ काढणारी वॉर्साची कंपनी आपण ‘प्रोजेक्ट’ म्हणतो. पोलिश लोक ‘प्रोयेक्त’ म्हणतात. ज्यांच्या कथांवर ते खेळ बेतले त्या लेखकाचे आडनाव साप्कोफ्स्की. रोमन लिपी पाहून आपण ‘सापकोवस्की’ करतो.

‘य’ आणि ‘ज’ यांची ही अदलाबदल आपल्याला नवी नाही. यात्रेची जत्रा, योग्याचा जोगी, युगाचे जुग आपणच केले. फरक इतकाच, की तो बदल शतकानुशतके बोलता बोलता झाला, आणि मोयांगचा मोजांग एका वाचनात.

दोन घरांची नावे

काही नावांना मात्र एकच योग्य उच्चार नसतो. ब्रिटनी प्रांतातल्या पाच गिय्‌मो बंधूंनी १९८६ साली काढलेल्या कंपनीचे नाव ‘सर्वत्र असणे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आले. ओठ ‘उ’साठी गोल करून ‘इ’ म्हटले की त्यातला पहिला स्वर निघतो. हा स्वर मराठीत नाही. या कंपनीचा पुण्यात २००८ पासून आणि मुंबईत २०१८ पासून स्टुडिओ आहे. तिथे ‘यूबीसॉफ्ट’ म्हटले तर कोणाचे बिघडले?

टेक्ससच्या ‘इड’ कंपनीचे नाव काही जण ‘आय-डी’ असे अक्षरे सुटी करून वाचतात. तो फ्रॉइडच्या मानसशास्त्रातला शब्द आहे, म्हणून ‘इड’. फ्रॉइडने जर्मन ‘एस्’, म्हणजे ‘ते’, असा साधा शब्द वापरला होता. इंग्रजी भाषांतरात त्याचे लॅटिन झाले. त्या लॅटिन शब्दाचा आणि आपल्या संस्कृत ‘इदम्’चा वंश एकच.

‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा २०२०चा खेळ शांघायचा. चिनी नाव ‘य्वान्‌शन्’. जगासाठी कंपनीने त्याच चित्राक्षरांचा जपानी उच्चार निवडला. त्यात ‘ग’ आहे, ‘जेन्शिन’ कोणत्याच भाषेत नाही. आणि ‘पबजी’? तीन अक्षरांचा शब्द आणि चौथे अक्षर सुटे, असे हे आद्याक्षरी रूप जगभर चालते. ज्या दक्षिण कोरियातून तो खेळ आला, तिथे लोक ‘बॅटलग्राउंड्स’ तोडून ‘बेगु’ म्हणतात. आपल्या ‘जी’ला लोक गंमतीने आदरार्थी मानतात, इतकेच.

लिहिणे आणि बोलणे

या नोंदींतून मला जे वाटते ते असे. बोलण्यात कोणालाही टोकू नये. जीभ आपापल्या गावची असते, आणि टोकणारा जो उच्चार पुढे करतो तो बहुधा तिसऱ्याच गावचा असतो. छापण्याची गोष्ट वेगळी. ज्या नावाचे मूळ ध्वनी देवनागरीत नीट बसतात ते तसेच लिहावे: मोयांग, प्रोयेक्त, गेन्शिन, निन्तेन्दो. जिथे बसत नाहीत तिथे जवळचे रूप घेऊन सर्वत्र तेच ठेवावे. ‘निन्टेंडो आता रुळला आहे’ असा आक्षेप येईल. रुळलेले बदलता येते, याचा दाखला आपल्याच घरात आहे. पूनाचे पुणे झाले, १९९५ साली बॉम्बेची मुंबई झाली. परक्याच्या जिभेने वळलेले नाव आम्ही चालवून घेणार नाही, असे आपण तेव्हा जगाला सांगितले आणि जगाने ते ऐकले. टिळकांच्या ‘ळ’चा ‘ल’ झाला की आजही आपल्या कपाळाला आठी पडते.

जो हट्ट आपण आपल्या नावांसाठी धरला, तो दुसऱ्याच्या नावासाठी पाळायला काही खर्च येत नाही. ‘त’ आणि ‘द’ आपल्या बाराखडीत आहेतच. ते वापरण्याआधी इंग्रजीला विचारायची गरज नाही.