मार्जरी, महदाइसा आणि कोपरची हळद

सकाळी 6.15. कुकर लावला, डबे भरले. आज एम.ए.च्या वर्गाला मार्जरी केम्प शिकवायची आहे.

7.05. कोपर स्टेशन. गाडी डोंबिवलीहूनच भरून येते. दिवा स्टेशन गेल्यावर लेडीज डब्यात जरा आत सरकता आलं. शेजारच्या दोघी पाळीबद्दल, नवऱ्यांबद्दल मोकळेपणी बोलत होत्या. ठाण्याला उतरताच दोघी गप्प.

10.00. वर्ग. मार्जरी इंग्लंडमधल्या लिन गावची, जन्म 1373च्या सुमाराचा. चौदा बाळंतपणं झालेल्या तिला शरीरसंबंध नको होता. पण नवरा-बायकोने एकमेकांना शरीर देणं हे ऋण आहे, असं चर्च मानत असे; नवऱ्याच्या होकाराशिवाय व्रत घेता येत नसे. 1413च्या जूनमधला शुक्रवार, कडक ऊन. यॉर्ककडून परतताना तिच्या हातात बिअरची बाटली, नवऱ्याच्या अंगरख्यात केक. वाटेत एका क्रुसाशी दोघं बसली आणि ठरलं : तो तिच्या बिछान्यात येणार नाही, ती त्याचं कर्ज फेडेल, शुक्रवारचा उपास सोडून त्याच्यासोबत जेवेल. स्वतःच्या देहासाठी बाईला पैसे मोजावे लागले. हे वाचताना दरवेळी माझा आवाज जड होतो.

मार्जरीने आपली कहाणी तोंडी सांगितली, लिहून घेतली दुसऱ्यांनी. ती पोथी 1934 मध्ये एका घरात सापडली.

"मॅडम, आपल्याकडे?" एका मुलीने विचारलं. मी महदाइसा सांगितली. तेराव्या शतकातली बालविधवा, महानुभाव पंथातली. विधवेची सावलीही लग्नात नको अशा काळात तिने रिद्धपूरला पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्यासमोर लग्नाचे धवळे रचून गायले. तिचे गुरू चक्रधर पाळीचा विटाळ मानत नव्हते. शेंबूड, मळ तसाच हाही देहाचा धर्म, ही त्यांची शिकवण. आज कितीतरी घरांत पाळीत देवघर बंद असतं, तिथे ही शिकवण सातशे वर्षांनीही पोचलेली नाही.

दुपारी तपासायचे पेपर, एक मीटिंग.

रात्री 8.30. कोपर गावात शेजाऱ्यांकडे हळद. डीजे सुरू व्हायच्या आधी धवलारीण मांडवात बसली. आमच्या आगरी लग्नांत विधी हीच बाई लावायची, गाण्यातून. या गाण्यांचं नाव महदाइसेच्या गाण्यांचंच, धवले. ऐकताना अंगावर काटा आला. मी वही काढलेली पाहून म्हातारी म्हणाली, "लिवून घे गो, माजे पोरीला येत नाय."

दोन गाणी उतरवली. तिसऱ्याला स्पीकर सुरू झाला.

तुमच्या गावात धवलारीण असेल, तर या लग्नसराईत तिच्याजवळ बसा. डीजे तासभर थांबू द्या आणि तिची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या.