मनुष्यवध

एका माणसाच्या कृतीमुळे किंवा बेकायदेशीर अकृतीमुळे दुसऱ्या माणसास आलेला मृत्यू. प्रत्येक मनुष्यवध हा गुन्हा नसतो आणि गुन्हा ठरणारा प्रत्येक मनुष्यवध हा खून नसतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेने केलेली यासंबंधीची विभागणी १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने मुख्यत्वे कायम ठेवली आहे.

मृत्यू घडविण्याच्या किंवा मृत्यूचा संभव असलेली इजा करण्याच्या उद्देशाने, अथवा आपल्या कृतीने मृत्यू संभवतो हे ठाऊक असताना केलेला वध म्हणजे ‘सदोष मनुष्यवध’ (कलम १००). त्याचेच गंभीरतर रूप म्हणजे ‘खून’ (कलम १०१). खुनास देहान्त किंवा आजन्म कारावास या दोनच पर्यायी शिक्षा असल्यामुळे या दोहोंमधील सूक्ष्म सीमारेषेवर आरोपीचे जीवितही अवलंबून असू शकते. मुंबई उच्च न्यायालयापुढील १८७६ च्या गोविंदा खटल्यात १८ वर्षांच्या पतीने १५ वर्षांच्या पत्नीस खाली पाडून, छातीवर गुडघा रोवून तोंडावर ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मरण पावली. ठार मारण्याचा उद्देश नव्हता व ही इजा निसर्गक्रमाने मृत्यू घडविण्यास पुरेशी नव्हती, सबब हा खून नव्हे, असे न्या. मेल्व्हिल यांनी ठरविले. मृत मुलीचा विचार करता हा भेद निष्ठुर वाटतो. पण कायदा येथे परिणामाचे नव्हे, तर मृत्यूच्या संभवाचे व आरोपीच्या मनोवस्थेचे मोजमाप करतो.

गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे आत्मसंयमन सुटून केलेला वध खुनातून वगळला जातो. मात्र नानावटी खटल्यात (१९६१) पत्नीच्या कबुलीनंतर गोळीबारापर्यंत सु. तीन तास लोटले होते. तेवढ्या अवधीत मन शांत होऊ शकते, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने हा अपवाद नाकारला व खुनाची शिक्षा कायम केली.

समर्थनीय वध हा मुळात अपराधच नव्हे. न्यायालयाच्या आदेशानुसार दिलेली फाशी या सदरात मोडते, तसाच खासगी संरक्षणाच्या हक्काच्या मर्यादेत केलेला वधही. मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण यांसारख्या हल्ल्यांची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो. सरकारी संरक्षण मिळविण्यास वेळ असेल, तर तो उरत नाही; संरक्षणास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचीही मुभा नाही.

हयगयीने घडविलेल्या मृत्यूस पूर्वी कमाल दोन वर्षे कारावास होता. नव्या संहितेने तो पाच वर्षांपर्यंत वाढविला. नोंदणीकृत वैद्यक व्यवसायीच्या हातून उपचार करताना अशी हयगय झाल्यास ही मर्यादा दोन वर्षांचीच आहे.